काव्यवाचन आणि उपासना : भिलाई परिसराचा मराठी वारसा

भिलाई हे नाव उच्चारले की पोलादाचे स्मरण होते. काव्याचे सहसा होत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेला करार, दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या प्रदेशात उभा राहिलेला प्रचंड कारखाना, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन आणि नावांऐवजी क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची आखीव वसाहत हा या नगरीचा सर्वपरिचित इतिहास आहे. तो उद्योगाचा आणि राष्ट्रबांधणीचा इतिहास म्हणून लिहिला गेला, हे योग्यच झाले. परंतु जेथे माणसे राहावयास येतात तेथे ती आपापले ग्रंथही घेऊन येतात, आणि त्या ग्रंथांचा इतिहास कारखान्याच्या अहवालात उमटत नाही. भिलाईत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी भाषकांच्या संदर्भात या दुसऱ्या इतिहासाकडे पाहिले, तर एक मूलभूत प्रश्न समोर येतो. देऊळ, दिंडी, फड आणि कीर्तनकार यांच्यापासून दूर गेलेल्या वाचकाला केवळ काव्यवाचनातून ईश्वरसान्निध्य लाभू शकते काय? आणि लाभत असेल, तर त्याची कसोटी कोणती?

प्रथम एक राजकीय वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. भिलाईचा करार झाला तेव्हा दुर्ग आणि नागपूर हे एकाच राज्यातील जिल्हे होते. त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्याच्या राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी तो छत्तीसगडात आला. म्हणजे कारखाना आकार घेत असतानाच त्याच्या आणि विदर्भाच्या मधून राज्याची सीमा गेली. नागपूर, भंडारा, वर्धा या भागांतून आलेल्या माणसाला रेल्वेने केवळ काही तासांचा प्रवास करावा लागत होता. तथापि त्याची भाषा मात्र राजभाषेच्या जागेवरून घरभाषेच्या जागेवर आली होती. कचेरीत हिंदी, बाजारात छत्तीसगढी, यंत्रांच्या सान्निध्यात इंग्रजी आणि रशियन, आणि मराठी उंबरठ्याच्या आत. उंबरठ्याच्या आत आलेल्या भाषेला आधार लागतो तो ग्रंथाचा, आणि मराठीपुरते सांगावयाचे तर प्राधान्याने संतकाव्याचा.

मराठीचा या प्रदेशाशी आलेला संबंध अर्थातच पोलादाहून जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत याची स्वारी रतनपूरवर झाली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळातले. मराठी भाषा व मोडी लिपी येथे आली ती राज्यकर्त्यांची म्हणून, हिशेब आणि सनदा लिहिण्यासाठी. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि ही सत्ता संपली. सत्ता गेल्यावर भाषेपाशी जे उरते ते तिचे खरे धन. छत्तीसगडातील मराठीपाशी उरले त्यांत ओवी आणि अभंग होते.

या धनाचा उपभोग घेण्याची रीत मात्र मध्यंतरीच्या काळात बदलत होती. संतकाव्य मूलतः श्रवणासाठी होते. कीर्तनात, पुराणात, भजनात ते समूहाने ऐकावयाचे. पोथी घरात असली तरी एक जण वाचणार आणि इतर ऐकणार, अशी तिची योजना असे. लेखी संहितेची चिंता करणारे पुरुष तेव्हाही होते. ज्ञानेश्वरीची रचना १२९० मधली; तिच्यात शिरलेले अपपाठ पाहून १५८४ मध्ये एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले. भक्ती ही पाठचिकित्सेच्या रूपानेही प्रकट होऊ शकते, हे मराठी परंपरेने इतक्या लवकर दाखवून दिले. परंतु एकांतात बसून, ओळींवर थांबून, मागे जाऊन पुन्हा वाचणारा वाचक मोठ्या संख्येने निर्माण झाला तो मुद्रणानंतरच. १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या आश्रयाने तुकारामांच्या गाथेचा पहिला खंड छापून निघाला, ही केवळ ग्रंथप्रकाशनाची घटना नव्हती. तिच्यामुळे गाथा टाळकऱ्यांच्या कंठाबरोबरच एकट्या वाचकाच्या हातातही आली. पारायणाला तिथी लागते, समुदाय लागतो. वाचनाला वाचक पुरतो. कारखान्याच्या पाळीला एकादशी ठाऊक नसते, आणि झोतभट्टी आषाढीसाठी विझवता येत नाही. अशा जीवनक्रमात जी उपासना टिकणे शक्य होते ती वाचनाची, हे त्यामुळे सहज समजण्यासारखे आहे.

या वाचनोपासनेचे स्वरूप नेमके कसे असते, हे पाहावयाचे तर भिलाईच्या जन्मापूर्वी अर्धे शतक मागे आणि पूर्वेस अगदी थोड्या अंतरावर असलेल्या रायपूरकडे वळले पाहिजे. माधवराव सप्रे यांचे चरित्र हा या विषयाचा छत्तीसगडातील सर्वांत अर्थपूर्ण दाखला होय.

सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे, मराठी कुटुंबात झाला. बिलासपूर, रायपूर येथे त्यांचे शिक्षण झाले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. हिंदी गद्याच्या आणि समीक्षेच्या जडणघडणीत त्या अल्पायुषी मासिकाचे स्थान सर्वमान्य आहे. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला आणि टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे व्रत घेतले. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९०८ मध्ये, सप्रे यांनाही राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. येथपर्यंत गुरू आणि अनुयायी यांची वाट एकच होती. नंतर ती दुभंगली. टिळक मंडालेला गेले. सप्रे यांनी थोरल्या बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे मान तुकवून सरकारची क्षमा मागितली आणि ते सुटले.

या क्षमापत्राचा न्याय करणे सोपे आहे आणि म्हणूनच ते टाळावे. ज्याचा संसार पणाला लागला होता त्याच्या निर्णयाला उत्तरकाळातील सुरक्षित वाचकाने भित्रेपणा म्हणू नये. पण सप्रे यांनी स्वतः आपल्या कृतीला दुसरे नाव दिले नाही, ही गोष्ट महत्त्वाची. त्यांच्या मनाने घेतलेला धक्का इतका तीव्र होता की, त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले आणि वर्ध्याजवळील हनुमानगड येथे रामदासी सत्पुरुष श्रीधर विष्णू परांजपे यांचा आश्रय केला. तेथे त्यांनी एकांतवास पत्करला, मधुकरी मागितली आणि ‘दासबोधा’चे वाचन आरंभिले.

दासबोध हा वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा ओवीबद्ध ग्रंथ आहे. त्यात सांत्वनाची भाषा फारशी नाही. दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खाच्या लक्षणांनी होतो आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. ज्याने वाचले, जाणले, इतरांस सांगितले आणि स्वतः आचरिले नाही, त्याचे ते चित्र आहे. पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्थांचे निरूपण येते. त्यांतील मुमुक्षूचा समास वाचणाऱ्याला स्वतःच्या दोषांची यादी स्वतःच्या मुखाने वाचावयास लावतो. अनुतापाने पोळलेला, लेखणी चालविण्याचे सामर्थ्य असलेला आणि त्या लेखणीचा शब्द मागे घेतलेला एक संपादक या समासांपुढे बसला असेल, तेव्हा वाचन ही निव्वळ आस्वादाची क्रिया राहणे शक्य नव्हते. ग्रंथ वाचकाचे परीक्षण करू लागला होता.

येथे काव्यवाचनातून मिळणाऱ्या आध्यात्मिक पोषणाचे एक वेगळे स्वरूप दिसते. सामान्यतः असे मानले जाते की, भक्तिकाव्य मनाला शांत करते आणि त्या शांतीत ईश्वराची जवळीक भासते. ही समजूत खोटी नाही, परंतु अपुरी आहे. सप्रे यांच्या बाबतीत काव्याने प्रथम अशांती दिली. अंगावरील बिरुदे उतरवून ठेवावयास लावली. ईश्वरसान्निध्याचा आरंभ येथे आत्मनिवेदनात आहे, आणि आत्मनिवेदन ही समर्थांनी निरूपिलेल्या नवविधा भक्तीतील अखेरची पायरी होय. ओवीच्या आश्रयाने ती चढता आली, याचे कारण ओवीत दोष सांगणारा आवाज तिऱ्हाइताचा नसतो. वाचक जे वाचतो ते स्वतःच्या आवाजात वाचतो. न्यायालयापुढील कबुलीत आणि या कबुलीत हाच भेद आहे.

याहूनही महत्त्वाचे आहे ते पुढचे. हनुमानगडाहून सप्रे रायपूरला परतले ते मौन घेऊन बसण्यासाठी नव्हे. ज्या ग्रंथाने त्यांना सावरले तो त्यांनी हिंदीत आणला. मराठी ओवी ज्यांच्या कानांवर कधी पडली नव्हती अशा हिंदी वाचकांसमोर ‘हिंदी दासबोध’ आला. १९१५ मध्ये टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. १९१६ मध्ये त्याचा सप्रेकृत हिंदी अनुवाद निघाला. या घटनेतील मूक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या वर्षी टिळक तुरुंगात गेले त्याच वर्षी सप्रे क्षमा मागून बाहेर आले होते. त्याच तुरुंगात, १९१० आणि १९११ च्या संधिकालातील हिवाळ्यात, टिळकांनी जे लिहिले ते शब्दशः पुन्हा लिहून काढण्याचे काम सप्रे यांच्या वाट्याला आले. गीतारहस्यात टिळक आपल्या प्रतिपादनाला तुकारामांच्या आणि रामदासांच्या वचनांचा आधार जागोजाग देतात. त्यामुळे अनुवादकाला त्या अभंगांशी आणि ओव्यांशी पुन्हा एकवार झटावे लागले असणार. प्रायश्चित्त हा शब्द सप्रे यांनी वापरला असो वा नसो, वाङ्मयाच्या इतिहासाला तो येथे वापरण्याचा अधिकार आहे. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी १९२४ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले होते.

सप्रे यांच्या उदाहरणातून जो विचार निघतो त्याला साहित्यशास्त्राचा आधार नाही असे नाही. विश्वनाथाने रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटले. सहोदर म्हणजे भावंड, तोच नव्हे. काव्यानंद आणि ब्रह्मानंद एका कुळातील आहेत, पण एकाला दुसऱ्याच्या गादीवर बसविता येत नाही, ही सावधगिरी त्या शब्दात आहे. समर्थांनी चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार केले. पहिल्यात कवीची स्वतःची हौस असते, दुसऱ्यात इतरांचे पाठांतर असते, आणि तिसरे भगवत्प्रसादाने सहज स्फुरते. हा विचार कवीपुरता सांगितला असला तरी तो वाचकालाही लावून पाहता येतो. धीट वाचन असते, ते ग्रंथावर स्वामित्व गाजविते. पाठ वाचन असते, ते ओव्यांची संख्या मोजते. आणि क्वचित प्रासादिक वाचन घडते. त्यात वाचक ग्रंथाला शरण जातो आणि बदलून परततो.

या प्रासादिक वाचनाचे एक युरोपीय उदाहरण भिलाईसारख्या उद्योगनगरीच्या संदर्भात विशेष बोलके ठरते. सिमोन वेल ही फ्रेंच विदुषी १९३४ आणि १९३५ मध्ये पॅरिसच्या कारखान्यांत मजूर म्हणून राबली. १९३८ मध्ये सोलेम येथील मठात असताना तिला सतराव्या शतकातील इंग्रज कवींचा परिचय झाला आणि जॉर्ज हर्बर्ट याची प्रेमावरील एक कविता तिने मुखोद्गत केली. असह्य डोकेदुखीच्या वेळी ती ही कविता मनाशी म्हणत असे. आपण केवळ एक सुंदर कविता म्हणत आहोत अशी तिची समजूत होती. ते पठण नकळत प्रार्थना होऊन गेले आणि त्यातच ख्रिस्ताच्या सान्निध्याचा साक्षात्कार झाला, असे तिने १९४२ मधील एका पत्रात एका धर्मगुरूस कळविले. कष्टकऱ्याचे जीवन एकसुरी असते. म्हणूनच त्याला भाकरीइतकी, किंबहुना तिच्याहून अधिक काव्याची गरज असते, हा तिचा विचार यंत्रासमोर उभे राहून आलेल्या अनुभवातून उपजला होता. पोलादनगरीत रात्रपाळी संपवून आलेला माणूस हरिपाठाचे अभंग वाचत असेल, तर तो जीवनापासून पळ काढीत आहे असे म्हणण्यापूर्वी समीक्षकाने वेलचे हे साक्ष्य आठवावे.

तथापि या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो याच परिसरातून आलेला आहे. भिलाईच्या पश्चिमेस राजनांदगाव आहे. १९७३ पर्यंत ते दुर्ग जिल्ह्यातच मोडत होते. पहिली झोतभट्टी पेटण्याच्या आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, गजानन माधव मुक्तिबोध तेथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि १९६४ मध्ये मृत्यूने गाठेपर्यंत त्याच गावाचे राहिले. मातृभाषा मराठी, काव्यभाषा हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी व समीक्षक. १९५५ मध्ये मध्ययुगीन भक्तिआंदोलनावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी महाराष्ट्र आणि उत्तर भारत यांतील संतांचा विचार एकत्र केला. भक्तीचा मूळ उद्रेक समाजाच्या खालच्या थरांतून झाला आणि कालांतराने उच्चवर्णीयांनी तो आपल्या व्यवस्थेत बसवून घेऊन त्याची धार बोथट केली, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. या दृष्टीने पाहता एकांतातील काव्यवाचन हे संशयास्पद ठरते. ज्याला अक्षर शिकू दिले नाही त्याच्या वाट्याला हे पोषण कसे यावे? आणि ज्याला अक्षर येते त्याने ग्रंथातील समतेचा शब्द वाचून तो ग्रंथातच ठेवला, तर तो भक्त की पढतमूर्ख?

आक्षेपाच्या पहिल्या भागाला या भूमीनेच उत्तर दिले आहे. भिलाईजवळच्या गनियारी या खेड्यात १९५६ मध्ये, पारधी समाजात, तीजनबाई यांचा जन्म झाला. शाळेचा लाभ त्यांना झाला नाही. आजोबा ब्रिजलाल यांच्या मुखातून ऐकलेली सबलसिंह चौहानकृत महाभारताची कथा त्यांनी कंठी धरली. पंडवानीच्या वेदमती आणि कापालिक अशा दोन शैली सांगितल्या जातात. स्त्रियांनी बसून गाण्याची रूढी असताना तीजनबाईंनी तंबुरा हाती घेऊन, उभे राहून, कापालिक शैलीत गायन केले आणि त्यापायी समाजाचा बहिष्कार सोसला. पुढे भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना सेवेत घेतले. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. त्यांच्या ठायी ग्रंथ कानावाटे आला आणि देहात राहिला. काव्याचे पोषण अक्षरज्ञानावर अवलंबून नाही, हे यातून सिद्ध होते. वाचन हा त्या पोषणाचा एक मार्ग आहे. एकमेव नव्हे, श्रेष्ठही नव्हे.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र अधिक अवघड आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक वाचकाने आपल्यापुरते द्यावयाचे आहे. मुक्तिबोधांचा प्रश्न आणि सप्रे यांचे चरित्र शेजारी ठेवले म्हणजे निदान कसोटी तरी हाती लागते. ईश्वर जवळ आला असे वाचकाला वाटणे ही कसोटी नव्हे. वाटणे फसवू शकते. वाचनानंतर वाचक आपल्या चुकीकडे अधिक निर्भयपणे पाहू लागला काय, आणि मिळालेले त्याने दुसऱ्याच्या हाती दिले काय, ही कसोटी होय. सप्रे यांनी ते परक्या म्हणविल्या जाणाऱ्या भाषेत नेऊन दिले. तीजनबाईंनी ते हजारोंच्या समोर उभे राहून दिले. एकनाथांनी ते शुद्ध करून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवले. कृती भिन्न आहेत. ऋण फेडण्याची वृत्ती एक आहे.

भिलाईतील मराठी घरांपुढे आज निराळी अडचण आहे. पहिल्या पिढीने जे ग्रंथ सोबत आणले ते वाचणाऱ्या पुढच्या पिढ्यांचे शिक्षण हिंदीत आणि इंग्रजीत झाले आहे. देवनागरी अक्षरे ओळखीची असतात, पण ओवीतील शब्द अडतो, त्याचे वळण अनोळखी वाटते. अशा घरात पोथी पूजेत राहते आणि वाचनातून जाते. तिला हळदकुंकू मिळते. तिचे प्रश्न मात्र कोणाला विचारले जात नाहीत. यावर खेद व्यक्त करून थांबण्याचे कारण नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रदेशातील एका मराठी वाचकाने, भाषा बदलली म्हणून ग्रंथ सोडावा लागत नाही, हे दाखवून दिलेले आहे. समर्थांची ओवी ज्या नातवाला कळत नाही त्याला ती हिंदीत वा छत्तीसगढीत समजावून सांगणारे आजोबा किंवा आजी घरात असतील, तर सप्रे यांनी आरंभिलेले काम तेथे चालू आहे असेच म्हणावे लागेल. त्या समजावण्यात दोघांनाही एखाद्या शब्दापाशी थांबावे लागेल, त्याचा अर्थ स्वतःच्या आयुष्यात शोधावा लागेल. उपासनेला तेवढे थांबणे पुरेसे असते.